उभी गाडी, उंदीर आणि डांबरगोळी

मे महिना सरत आला की पनवेलमधल्या सोसायट्यांच्या स्टिल्टमध्ये एकेका गाडीवर कव्हर चढू लागते. कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला निघालेले असतात, कुणी जहाजावर ड्युटीला, तर कुणाची दुसरी गाडी केवळ गणपतीत गावी जाण्यापुरती ठेवलेली असते. नेरे, वाजे, मालडुंग्याकडे फार्महाउस बांधलेल्यांची जीप पावसाचे चार महिने पत्र्याच्या शेडखाली उभी राहते. परत आल्यावर किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, एसीतून कुबट दर्प येतो आणि गॅरेजवाला बॉनेट उघडून सांगतो, "साहेब, उंदरानं वायरिंग खाल्लंय." लगेच सल्ले सुरू होतात. डांबरगोळ्या टाका, तंबाखूची पुडी बांधा, फिनाइल मारा, लाल तिखट भुरभुरा, पुदिन्याचं तेल लावा, कापूर ठेवा. प्रत्येक सल्ल्यामागे "आमच्याकडे तरी यानं फरक पडला" असे सांगणारा कुणीतरी असतो. हे सगळे सल्ले एकत्र मांडून उंदराच्या स्वभावाशी ताडून पाहावेत, एवढ्यासाठी हा आढावा. नुकसान हजारोंच्या घरात जाते आणि कधी जिवावरही बेतू शकते, तेव्हा विषय किरकोळ नाही.

पनवेल हे मुळात भाताचे गाव. खाडीकाठची खारजमीन, मागे भाताची खाचरे आणि गावात भाताच्या गिरण्या अशी इथली जुनी रचना. खाऱ्या जमिनीतल्या भातावर काम करणारे कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे. 'पनवेल-1', 'पनवेल-2' या भाताच्या जाती तिथल्याच. जिथे भात तिथे उंदीर आलाच, आणि बांध पोखरणारी घूस तर इथल्या शेतकऱ्याच्या पाचवीला पुजलेली. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, मग खाचरांवर भराव टाकून कळंबोली, कामोठे, खांदा कॉलनी, नवीन पनवेल वसले. 2016 मध्ये महानगरपालिका झाली. वर इमारती आल्या, पण मोकळ्या प्लॉटवरचे गवत, गटाराच्या कडा आणि कंपाउंडच्या भिंतींचे पाये यांतली बिळे चालूच राहिली. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की बिळांत पाणी शिरते आणि उंदीर कोरडी जागा शोधत वर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी उरकली की शेतातला दाणा संपतो, तेव्हा दुसरी लाट. जून ते नोव्हेंबर ही गाड्या उभ्या राहण्याची मुदत आणि उंदरांच्या बिऱ्हाड हलवण्याचीही.

सगळे उंदीर सारखे नसतात, आणि इलाज फसण्याचे एक कारण तेच आहे. गाडीत शिरणारा मुख्य प्राणी म्हणजे काळा उंदीर, अंगापेक्षा शेपूट लांब असलेला. तो पट्टीचा चढणारा. टायरवरून, सस्पेन्शनच्या दांड्यावरून, भिंतीलगतच्या केबलवरून तो सहज बॉनेटखाली पोहोचतो. दुसरा घरातला छोटा उंदीर. अंगठ्याएवढा जीव, साधारण 6 मिलिमीटरची फट त्याला पुरते. शेतातली छोटी घूस आणि तिची दांडगी बहीण, जिला आपण नुसतेच घूस म्हणतो, या दोघी खणणाऱ्या आहेत. इंजिनवर बिऱ्हाड थाटण्यापेक्षा त्या पार्किंगच्या लादीखाली पोखरतात. मात्र खाली लोंबणारी वायर तोंडाला आली तर सोडत नाहीत. आणि गाडीखालून चिक-चिक करत पळते ती चिचुंद्री तर उंदीरही नाही. ती किडे-झुरळे खाते, वायर कुरतडत नाही. तिला मारून काहीच साधत नाही.

गाडीच का, याचे उत्तर उंदराच्या दातांत आणि पिलांत आहे. त्याचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि कुरतडून ते झिजवावे लागतात. त्या दातांपुढे तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ पडते, मग प्लास्टिकची काय कथा. मादी तीन आठवड्यांत विते. त्याआधी तिला अंधारी, कोरडी, अडगळीची जागा हवी असते आणि अंथरायला मऊ चिंध्या. बॉनेटच्या आतल्या बाजूचा फेल्ट, सीटचा फोम, एअर फिल्टरचा कागद हे सगळे तिला एकाच छताखाली मिळते. एखाद्या गॅरेजमध्ये पावसाळ्यानंतर एअर फिल्टरचा डबा उघडताना मुद्दाम जवळून पाहावे. आत तळहाताएवढा खळगा असतो. भोवती पिंजलेला काळा फेल्ट, बिस्किटाच्या पुड्याचे चंदेरी तुकडे, कबुतराची पिसे आणि शेंगांची टरफले, तांदळाएवढ्या लेंड्यांचा सडा पडलेला. बाजूच्या तुटलेल्या वायरीचे टोक उजेडात धरले तर इन्सुलेशनवर जोडीजोडीने पडलेल्या बारीक खाचा दिसतात. तांब्याचे तंतू पुष्कळदा सगळे तुटलेले नसतात. दोन-चार शिल्लक राहतात आणि इथल्या खाऱ्या, दमट हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो. म्हणूनच हा दोष लपंडाव खेळतो. सकाळी गाडी चालू होते, खड्ड्यात आदळली की बंद पडते आणि मेकॅनिक दोन-दोन दिवस सेन्सर बदलत बसतो.

अलीकडच्या गाड्यांच्या वायरींवर सोयाबीनपासून केलेले आवरण असते, त्याच्या वासाने उंदीर येतात, असे बऱ्याचदा ऐकू येते. अमेरिकेत याच मुद्द्यावर टोयोटा आणि होंडावर ग्राहकांनी दावे केले. होंडा तर तिखटातले कॅप्सायसिन लावलेली खास टेप विकते, वायरींवर गुंडाळायला. पण साध्या पीव्हीसीच्या वायरींच्या जुन्या अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाटही उंदरांनी सोडल्या नव्हत्या, आणि घरातल्या टेलिफोनच्या वायरीत कुणी सोयाबीन घातले नव्हते. माझ्या मते खरा फरक वेगळा आहे. जुन्या गाडीत वायर थोडी होती आणि तुटली तर नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन जोडून देत असे. आताच्या गाडीत हार्नेसच्या जुडग्यातून डझनावारी सेन्सरचे निरोप जातात; एक तार गेली तरी संगणक गाडी रोखतो. नुकसान वाढलेले दिसते ते बरेचसे यामुळे.

हे फक्त आपल्याकडचेच दुखणे नाही. जर्मनीत उदमांजरासारखा दिसणारा मार्टेन नावाचा प्राणी गाड्यांचे रबरी पाइप आणि वायरी चावतो, आणि तिथल्या विमा कंपन्यांकडे दर वर्षी असे दोन लाखांच्या घरात दावे येतात. तिथल्या घरगुती इलाजांची यादी आपल्या यादीची बहीण शोभावी अशी आहे: संडासात टांगायच्या वासाच्या वड्या, कुत्र्याचे केस, तिखट फवारे. तिथे अभ्यासकांच्या लक्षात आले की आधीच्या मार्टेनचा वास गाडीला चिकटून राहतो आणि दुसरा त्या वासावर चवताळून चावे घेतो. म्हणून तिथे पहिला सल्ला असतो तो इंजिन धुऊन घेण्याचा. उंदराचे कारण वेगळे, पण धडा उपयोगी आहे. उंदीर चालताना थेंब थेंब मूत्र सोडत जातो आणि ती पाऊलवाट पुढच्या उंदराला बोलावते. जुनी घाण न काढता वर नवा वास ठेवणे म्हणजे निम्मेच काम.

आता त्या वासांकडे वळू. माणसाकडे गंध ओळखणारी चालू जनुके सुमारे 400 आहेत. उंदराकडे हजाराहून अधिक. त्यामुळे आपल्याला उग्र वाटणारा वास त्यालाही उग्र वाटून तो पळेल, असा तर्क आपण करतो. पण ज्याचे नाक इतके तयार असते त्याला एखादा वास धोक्याचा आहे की नुसताच नवा, हेही लवकर कळते. काळा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. वाटेवर काल नव्हती अशी कोणतीही गोष्ट, मग ती डांबरगोळी असो की रिकामी काड्याची पेटी, दिसली की तो काही दिवस ती वाट टाळतो. मग तिथून काही अपाय होत नाही हे पटले की परत येतो. घरगुती इलाजाचा "पहिल्या आठवड्यात फरक पडला" हा अनुभव खोटा नसतो, तो या भीतीतून येतो. छोटा घरउंदीर तर नव्या वस्तूला फारसा भीतही नाही, उलट हुंगायला येतो.

डांबरगोळी हा यादीतला सर्वांत लोकप्रिय इलाज आणि माझ्या मते सर्वांत वाईट. ती नॅफ्थलीनची असते किंवा पॅराडायक्लोरोबेन्झीनची. दोन्ही घन अवस्थेतून थेट वाफ होऊन हवेत जातात. कपड्यांच्या बंद पेटीत ती वाफ साठते आणि कसर मरते. बॉनेटखाली हवा खालून वर खेळती असते, तिथे वाफ साठतच नाही. जिथे साठते ती जागा म्हणजे गाडीची बंद केबिन, आणि नेमक्या त्याच जागी आपण पुढे नातवंडांना बसवतो. नॅफ्थलीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2002 मध्ये माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत टाकले आहे. जी6पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांत नॅफ्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात; आपल्या देशात काही समाजांत ही कमतरता बऱ्यापैकी आढळते आणि पुष्कळ घरांना ती आपल्यात आहे हे माहीतही नसते. युरोपीय संघाने 2008 मध्ये नॅफ्थलीनच्या गोळ्या बाजारातून हटवल्या. एवढे करून उंदीर जातो का? डांबरगोळ्यांच्या शेजारीच उंदराने घरटे केल्याचे गॅरेजवाले दाखवतात. एसीच्या डक्टमध्ये आणि सीटच्या फोममध्ये तो वास मात्र महिनोन्महिने मुरून राहतो. गाडीत डांबरगोळी ठेवूच नये.

तंबाखूची पुडी ही खास आपल्याकडची युक्ती. ड्रायव्हर मंडळी पानाच्या टपरीवरून जर्द्याची पुडी घेऊन कापडात बांधतात आणि बॅटरीजवळ लटकवतात. निकोटीन हे जहाल विष आहे, तंबाखूचा काढा पिकावरच्या किडीसाठी पूर्वापार वापरला जातो, त्यामुळे कल्पना निराधार वाटत नाही. पण सुक्या पानातले निकोटीन हवेत फारसे उडत नाही. येतो तो पानाचा सुवास. पावसाळ्यात पुडी ओल धरते आणि पंधरवड्यात तिच्यावर बुरशी चढते. शिवाय प्राण्यांना तंबाखूचे वावडे असतेच असेही नाही. मेक्सिको सिटीतले पक्षी सिगारेटची थोटके घरट्यात विणतात आणि त्यामुळे घरट्यात परजीवी कमी होतात, असे तिथल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले. कॅलिफोर्नियातला एक रानउंदीर तर तिथल्या बे-वृक्षाची सुगंधी पाने दाताने कुरतडून मुद्दाम घरट्याभोवती अंथरतो, पिसवांच्या अळ्या मराव्यात म्हणून. ते झाड आपल्या तमालपत्राचे दूरचे भाऊबंद. उग्र वासाचे पान दिसले की उंदीर दहा पावले मागे सरेल हे गृहीतक या उदाहरणापुढे टिकत नाही.

लाल तिखटाचे प्रकरण यापेक्षा भक्कम पायावर उभे आहे. मिरचीतल्या कॅप्सायसिनची आग सस्तन प्राण्यांना लागते, पक्ष्यांना लागत नाही, हे शास्त्राने नीट उलगडलेले आहे. पण ही आग तोंडात गेल्यावर लागते, लांबून नाही. म्हणून वायरीला घट्ट चिकटून राहणारी टेप किंवा लेप काही प्रमाणात कामाचा, बॉनेटखाली भुरभुरलेले तिखट नाही. दमट हवेत त्याचे गोळे होतात, आणि काचेखालच्या जाळीजवळ टाकलेले तिखट ब्लोअर चालू करताच थेट चालकाच्या डोळ्यांत येते. चालत्या गाडीत हे भयंकर आहे.

पुदिन्याच्या आणि निलगिरीच्या तेलाबद्दल एवढेच म्हणेन की बंद पेटीतल्या प्रयोगांत उंदीर काही काळ ते टाळतात, पण तेल उडून जाते आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावावे लागते. अमेरिकेत बाल्सम फर या झाडाच्या तेलाच्या पुड्या उंदीर दूर ठेवण्यासाठी रीतसर नोंदणी होऊन विकल्या जातात. त्याही महिन्या-तीन महिन्यांनी बदलायच्या असतात आणि बंदिस्त जागेसाठी असतात. कापूर लवकर उडतो आणि किती लवकर पेटतो हे देवघरात रोज दिसते. तापलेल्या मॅनिफोल्डजवळ तो ठेवणे धोक्याचे, आणि लहान मुलाने गिळला तर झटके येतात. फिनाइल पाण्यात कालवून फवारले की ते पाणी कनेक्टरमध्ये बसते. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवला तर रबरी पाइप फुगून मऊ पडतात, म्हणजे उंदराचेच काम सोपे होते. हिंग, लसूण, लवंग यांनी गाडीला फोडणीचा वास येतो, इतकाच परिणाम.

आपल्या रस्त्यांच्या कडेला, शेताच्या बांधावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फिकट गुलाबी फुलांनी लगडणारे गिरीपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात, त्याचा पाला गाडीत ठेवावा का असेही कुणी विचारतात. झाडाची कीर्ती खरी आहे. मध्य अमेरिकेत त्याची पाने आणि साल धान्यात मिसळून उंदरांना घालतात. आंबल्यावर त्यातल्या कुमारिनपासून रक्त गोठू न देणारे द्रव्य तयार होते. सडलेल्या क्लोव्हर गवतातल्या त्याच द्रव्याच्या शोधातून पुढे अमेरिकेत वॉरफेरिन हे उंदरांचे विष निघाले. पण हा परिणाम पोटात गेल्यावरचा. बॉनेटमध्ये ठेवलेल्या फांदीचा उंदराला उपयोग झालाच तर अंथरूण म्हणून.

या सगळ्या यादीतून मला जे दिसते ते असे. ज्यांना घरगुती इलाज खरोखर लागू पडला, ते दर आठवड्याला पुडी बदलायला खाली उतरत होते. बॉनेट उघडत होते, उजेड आत जात होता, हात फिरत होता, कधी इंजिनही चालू होत होते. पिले घालायला जागा शोधणाऱ्या मादीला शांतता हवी असते आणि तीच तिला मिळत नव्हती. श्रेय पुडीने घेतले. महाग तेल आणून एकदा लावून जे सहा महिने दुबईला गेले, त्यांना त्या तेलाने वाचवले नाही.

अल्ट्रासाउंडची यंत्रे, बॅटरीला जोडायची, आज प्रत्येक अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्येच असे दावे करणाऱ्या साठाहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना शास्त्रीय पुराव्यावाचून जाहिरात करू नका असे बजावले होते. या आवाजाला उंदीर सरावतात, आणि तो आवाज धातूच्या भागाआड पोहोचत नाही. वर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते ती वेगळीच. मांजर पाळण्याचा सल्ला त्याहून जुना. मांजराच्या वासाने उंदीर बिचकतो हे खरे, पण न्यूयॉर्कमधल्या एका कचरा केंद्रातल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 79 दिवसांत मांजरांनी मारलेले मोठे उंदीर होते दोन. मांजर असले की उंदीर दिसत नाहीत, कारण ते लपून हिंडतात. आणि लपायला बॉनेटखालची जागा उत्तम.

विषाबद्दल मात्र मी ठाम आहे: उभ्या गाडीत किंवा तिच्याजवळ ठेवू नये. ब्रोमाडायोलोनची वडी खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तो डॅशबोर्डमागे मेला तर अर्धी गाडी उघडावी लागते. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने देशात माणसांचे, विशेषतः मुलांचे, जीव गेले आहेत. आणि विष खाऊन सुस्तावलेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या तोंडी पडतो. पनवेलपासून हाकेच्या अंतरावर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. उंदरांवर वचक ठेवणारा रात्रीचा पक्षी आपणच विषाने घालवायचा, हे मला सहन होत नाही. गोंदाच्या सापळ्यावर तडफडत मरणारा जीव पाहवत नाही, आणि चिकटतात त्यांत पाली आणि पाखरेही असतात. ज्या घरात गणपतीपुढे मूषकालाही मोदक ठेवतात त्या घरातल्यांना मारणे जड जाते, हेही मी समजतो. त्यांच्यासाठी तारेचा पिंजरा आहे. तो मोकळ्यात न ठेवता भिंतीला लागून ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच चालतो. पहिल्या दोन-तीन रात्री दार उघडे बांधून ठेवावे, त्याला आत जाऊन खाऊ द्यावे, मग चाप लावावा. भजी चालतात, सुका बोंबील त्याहून चांगला.

मग करावे काय? इथे मला जहाजावरच्या लोकांची आठवण होते, कारण पनवेल-खारघरला मर्चंट नेव्हीतली पुष्कळ कुटुंबे राहतात. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तो जहाजांतून उतरलेल्या उंदरांबरोबर, अशी तेव्हापासूनची समजूत आहे, आणि बंदरांनी त्यानंतर जो बंदोबस्त केला त्यात वासाला जागा नव्हती. धक्क्याला बांधलेल्या जहाजाच्या दोरखंडावर पत्र्याची गोल तबकडी चढवतात, तिच्यावरून उंदराला पुढे जाता येत नाही. शिवाय जहाजाची तपासणी होऊन आरोग्याचे प्रमाणपत्र मिळते आणि ते सहा महिनेच चालते, मग पुन्हा तपासणी. आडकाठी आणि ठरावीक मुदतीने फेरा, या दोनच गोष्टी. रायगडच्या कातकरी बांधवांचे ज्ञानही हेच सांगते. पिढ्यान्‌पिढ्या शेतातले उंदीर पकडत आलेल्या या समाजाला ठाऊक असते की बिळाला तोंडे अनेक असतात आणि आधी ती सगळी शोधून बुजवायची असतात, मग खणायचे.

गाडीला आडकाठी म्हणजे जाळी. इंजिनखाली, काचेखालच्या हवेच्या वाटेवर आणि पायाच्या पेडलजवळच्या फटीला पाव इंचाहून बारीक छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी बसवून मिळते. लोखंडी काथ्या किंवा साधी जाळी आपल्या हवेत एका पावसाळ्यात गंजते. बसवणाऱ्याने रेडिएटरची हवा अडवलेली नाही आणि सायलेन्सरपासून अंतर ठेवले आहे, हे बघून घ्यावे. गाडी लावताना एसी आतल्या हवेवर, म्हणजे रिसर्क्युलेशनवर ठेवूनच इंजिन बंद करावे; त्याने बाहेरच्या हवेचा पडदा मिटतो आणि ब्लोअरकडची वाट बंद होते. ही फुकटची गोष्ट आहे आणि दहातले नऊ जण करत नाहीत. स्कूटरची डिक्की रिकामी करून, एअर फिल्टरच्या तोंडावर जाळीचा तुकडा बांधावा.

गाडी भिंतीपासून हातभर लांब लावावी. कुंड्यांची रांग, जुन्या गाद्या, कबुतरांना टाकलेले दाणे, भटक्या कुत्र्यांसाठी रात्रभर ठेवलेली भाताची थाळी हे सगळे तिच्या आसपासून हटवावे, आणि गाडीतला प्रसादाचा नारळ, शेंगदाणे, मुलांची बिस्किटे काढून सीटखाली व्हॅक्यूम फिरवावा. पिकअपचे आणि टॅक्सीचे ड्रायव्हर रात्री बॉनेट उघडे टाकून झोपतात, ते अनुभवाचे शहाणपण आहे: ऊब निघून जाते आणि आडोसाही उरत नाही. शेडखाली उभ्या गाडीला हे जमते. फक्त बॉनेटचा दिवा जळत राहत नाही हे पाहावे. पायापर्यंत लोंबणारे कव्हर मात्र उंदरांना अंधारा मांडव करून देते, ते चाकांच्या वर बांधावे.

आणि फेरा. घरात कुणी नसेल तर किल्ली शेजाऱ्यांकडे किंवा विश्वासू वॉचमनकडे द्यावी. "दादा, दर रविवारी बॉनेट उघडा, वीस मिनिटं गाडी फिरवून आणा," एवढे सांगावे आणि त्याचे पैसे मोजावेत. वायरिंगच्या बिलापुढे ते काहीच नाहीत. पुडी ठेवायची हौस असेल तर पुदिन्याच्या तेलाचा बोळा ठेवावा, दर रविवारी बदलण्याच्या बोलीवर. सोसायटीने मिळून बिळे बुजवली, कचऱ्याच्या डब्यांना झाकणे लावली, तर एकट्यादुकट्याचे काम निम्मे हलके होते. विम्याचे कलम आधी वाचून घ्यावे. उंदराच्या नुकसानीसाठी काही कंपन्या वेगळे संरक्षण देतात, ते पॉलिसी घेतानाच मागावे लागते.

परत आल्यावर घाई करू नये. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो; 2005 च्या 26 जुलैच्या महापुरानंतर मुंबईने तो मोठ्या प्रमाणावर अनुभवला, आणि आपल्या ओल्या हवेत त्याचे जंतू टिकून राहतात. म्हणून आधी सगळी दारे उघडून गाडी अर्धा तास मोकळी ठेवावी. हातमोजे आणि मास्क लावून, लेंड्या आणि घरटे ब्लीचच्या पातळ पाण्याने भिजवून मगच उचलावे. सुके झाडू नये, व्हॅक्यूम लावू नये. हातावर कापलेले असेल तर हे काम दुसऱ्याला द्यावे, आणि नंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना उंदराचा संबंध आवर्जून सांगावा. केबिन फिल्टर बदलून टाकावा. बॉनेट उघडून बॅटरीभोवतीच्या वायरी, एअर फिल्टरचा डबा आणि पेट्रोलचे रबरी पाइप टॉर्च मारून पाहावेत. पेट्रोलचा वास आला किंवा पाइपवर दातांच्या खुणा दिसल्या तर किल्ली फिरवू नये. बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडावे, गाडी ढकलत स्टिल्टबाहेर मोकळ्यात काढावी आणि मेकॅनिकला तिथेच बोलवावे.